फारशी अपेक्षा न ठेवता पाहिलेला पॉप कॉन्सर्ट: आवडला तो नेमका कशामुळे?

चाफेकळी

नमस्कार मंडळी. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ तारखेला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम झाले. त्यातल्या १८ तारखेच्या कार्यक्रमाला मी होते. लेकीच्या मैत्रिणीला ऐन वेळी यायला जमेना, तिकीट वाया जात होतं, म्हणून मी गेले. त्यांची दोन-तीन गाणी लेकीच्या खोलीतून कानावर पडलेली, तेवढीच ओळख. मी भावगीतं आणि नाट्यसंगीत ऐकणारी. स्टेडियममध्ये हजारो माणसांच्या गर्दीत गाणं ऐकायचं, तेही मैलभर लांब उभ्या माणसाचं, यात काय सुख असणार असंच वाटत होतं.

मला कार्यक्रम मनापासून आवडला. गाणी ओळखीची नव्हती तरी तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत धृपद तोंडात बसलं. प्रवेशद्वारावर मनगटी पट्टी देतात, ती गाण्याबरोबर पेटते आणि अख्खं स्टेडियम एका तालात लुकलुकायला लागतं. बँडचा गायक ख्रिस मार्टिन मराठीत बोलायचा प्रयत्न करत होता, त्यावर जी आरोळी उठली ती मी विसरणार नाही. एका गाण्याआधी त्याने सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगितलं. माझ्या आसपासच्या बहुतेक मुलांनी ते ऐकलं आणि त्या चार मिनिटांत मंच पहिल्यांदा हातांच्या मधून नीट दिसला.

भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "भूक लागली की शिळी भाकरीही गोड लागते. तुला अपेक्षाच नव्हती, म्हणून आवडलं." मला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाहीये. तर प्रश्न असा: तुम्ही कधी फारशी अपेक्षा न ठेवता एखाद्या पॉप गायकाच्या किंवा बँडच्या कार्यक्रमाला गेलात का? आवडला असेल तर तो अपेक्षा कमी म्हणून, की तो खरोखरच चांगला होता? आणि हे ओळखायचं कसं?

नेरूळकर

छान विषय. मी स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो. त्या तिन्ही दिवशी एलपीच्या सिग्नलपासून वाहतूक वळवली होती आणि हार्बरच्या गाड्या भरभरून येत होत्या. तिकीट काढलं नव्हतं, गच्चीवरून ऐकू येईल म्हणून निवांत होतो. ऐकू आला तो फक्त खर्ज. धम् धम् तेवढं पोचतं, गळा पोचतच नाही. आत काय चाललंय याचा बाहेरून काही पत्ता लागत नाही, एवढं खात्रीने सांगतो.

ध्वनिवेडा

@नेरूळकर, तसंच होतं. खालच्या सुरांच्या लहरी लांब असतात, त्या इमारतींना वळसा घालून पुढे जातात आणि हवेत फारशा विरत नाहीत. वरचे सूर, म्हणजे शब्दांतली व्यंजनं, झांजा, गिटारची तार, हे अंतराबरोबर लवकर मरतात. म्हणून बाहेरच्याला पॉप संगीत म्हणजे नुसता ठोका वाटतो.

तानपुरा

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो. स्टेडियममधल्या कार्यक्रमात संगीत किती असतं? दिवे, पट्ट्या, कागदी फुलांचा पाऊस, पडदे. याच स्टेडियमवर १० मे २०१७ ला जस्टिन बीबर आला होता, तेव्हा तो बरीचशी गाणी ध्वनिमुद्रणावर ओठ हलवून सादर करत होता अशी टीका सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. पोरांनी हजारो रुपये मोजले होते. चाफेकळीताई, तुमच्या आनंदाबद्दल मला आनंदच आहे, पण तुम्हाला आवडला तो सोहळा. गाणं आवडलं की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

काजवा

पट्ट्यांबद्दल थोडं, कारण मी त्यांच्यावर जीव टाकून वाचलंय. कोल्डप्लेने २०१२ च्या दौऱ्यात पहिल्यांदा त्या वापरल्या, तेव्हा त्या रेडिओ लहरींवर चालायच्या. आताच्या पट्ट्यांना अवरक्त किरणांनी हुकूम जातो, म्हणजे आपल्या टीव्हीच्या रिमोटचंच तत्त्व. मंचाच्या आसपास बसवलेले प्रक्षेपक झोतासारखे प्रेक्षकांवर फिरतात आणि झोत जिथे पडेल तिथल्या पट्ट्या रंग बदलतात. म्हणून तो रंग लाटेसारखा एका स्टँडमधून दुसऱ्या स्टँडमध्ये वाहत जाताना दिसतो. पट्ट्या वनस्पतीजन्य, कुजणाऱ्या प्लास्टिकच्या असतात. परत जाताना त्या जमा करायच्या असतात आणि कुठल्या शहराने किती टक्के परत केल्या ते पडद्यावर दाखवतात.

@तानपुरा, हे सजावटीत मोडतं हे मान्य. पण एरवी प्रेक्षक अंधारात असतो आणि उजेड मंचावर. इथे उजेड प्रेक्षकांच्या हातात असतो आणि मागच्या रांगेतला माणूसही देखाव्याचा भाग होतो. लांबच्या माणसाला काय द्यायचं याचा कुणीतरी मनापासून विचार केलाय, हे मला मोलाचं वाटतं.

घाटावरची

माझं उत्तर इंग्लंडचा गायक एड शीरन, पुणे, ३० जानेवारी २०२५. बिबवेवाडीचं यश लॉन्स. त्याच्या भारत दौऱ्याची सुरुवात पुण्यातूनच झाली होती. भाचा बारावीत, त्याला एकट्याला सोडायला बहीण तयार नव्हती, म्हणून मी सोबतीला. एड शीरन म्हणजे लग्नाच्या व्हिडिओमागे वाजणारी हळवी गाणी, एवढंच माझ्या डोक्यात. दोन तास कसे काढायचे याचा विचार करत होते.

तो मंचावर आला तो गिटार घेऊन, एकटा. पायाशी एक मोठी पाटी, तिच्यावर बटणं. त्याला लूप स्टेशन म्हणतात हे भाच्याने सांगितलं. आधी त्याने गिटारच्या लाकडावर तळव्याने थापा मारल्या आणि पायाने बटण दाबलं. ती थाप परत परत वाजायला लागली. तिच्यावर त्याने तारा छेडल्या, पुन्हा बटण. मग खालच्या पट्टीत एक ओळ गुणगुणला, तिच्यावर वरच्या पट्टीत दुसरी. बघता बघता एका माणसाचा सात-आठ जणांचा ताफा झाला आणि या सगळ्यावर तो मोकळा होऊन गायला लागला. सगळं आपल्या डोळ्यांदेखत तयार झालेलं. गाणं संपलं की ते पुसलं जातं आणि पुढच्या गाण्याला पुन्हा पहिल्या थापेपासून सुरुवात.

मी आयुष्यभर पेटी वाजवत आले आहे. त्या पायाच्या बटणाचा क्षण थोडा जरी पुढेमागे झाला, तर ती चूक गाणं संपेपर्यंत दर आवर्तनाला ऐकू येत राहणार. एवढ्या गर्दीसमोर असा जुगार दर गाण्याला खेळायचा, यामागे किती वर्षांचा रियाज असेल! इंग्लंडमधल्या छोट्या पबांमध्ये, जिथे लोक आपल्या गप्पांत दंग असतात, तिथे त्याने हे हातात बसवलं. ते त्या रात्री दिसत होतं.

तर चाफेकळी, मला तो आवडला कारण त्याचं काम पक्कं होतं. अपेक्षा असती तरी आवडलाच असता.

सांजसावली

घाटावरची, किती सुंदर लिहिलंयस. भाचा काय म्हणाला?

घाटावरची

भाचा त्याच्या आधीच्या रांगेतल्या मुलांबरोबर नाचत होता, मावशीकडे बघायला त्याला वेळ नव्हता. :-)

तानपुरा

@घाटावरची, प्रतिसाद वाचून दोन-तीन व्हिडिओ पाहिले. कारागिरी आहे, निःसंशय. पण एक मुद्दा राहतो. लूप एकदा बांधला की लय कायमची बांधली गेली. आपल्याकडे विलंबितातून मध्य लयीत आणि मग द्रुतात जाण्यात जो श्वास आहे तो तिथे शक्य नाही. तबलजी गायकाकडे बघून क्षणभर थांबतो, तसं यंत्र थांबत नाही.

घाटावरची

मुद्दा अगदी बरोबर आणि मी तो तिथे बसूनही अनुभवला. पण तो काय करतो माहितीये? गाणं पुरतं चढलं की सगळे थर एका झटक्यात बंद करतो आणि नुसत्या गळ्यावर ओळ म्हणतो. इतका वेळ भरलेला आवाज एकदम रिकामा होतो आणि तिथे लोक गातात. लय वाढवता येत नाही म्हणून तो घनता कमी-जास्त करून चढउतार आणतो. वेगळी वाट आहे, पण वाट आहे.

तानपुरा

हे पटलं. घनतेचा विचार मी केला नव्हता.

नव्वदीतला

चाफेकळींच्या भावाचा सिद्धांत दुसऱ्या बाजूने तपासू या. अपेक्षा आभाळाला टेकलेल्या असताना काय होतं?

१ नोव्हेंबर १९९६. अंधेरी क्रीडा संकुल. मायकल जॅक्सन. आत्ताच्या मुलांना कल्पना येणार नाही की ते काय प्रकरण होतं. विमानतळावर नऊवारीतल्या सोनाली बेंद्रेने त्याला ओवाळलं, तो मातोश्रीवर जाऊन आला, शिव उद्योग सेनेसाठी कार्यक्रम म्हणून करमणूक कराची माफी आणि मग त्या माफीवरून वर्षानुवर्षं चाललेलं कोर्टाचं प्रकरण. आमच्या चाळीत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. माझ्या मोठ्या भावाने दोन तिकिटं मिळवली होती.

आम्ही इतके मागे होतो की मंचावरचा माणूस म्हणजे एक चमकता ठिपका. त्याला मी खरा पाहिला तो मोठ्या पडद्यावर. ऊन, धूळ, तासन्‌तास उभं राहणं. हिशेबाने बघितलं तर निराश व्हायला हवं होतं. पण तो नुसता स्तब्ध उभा राहायचा आणि मैदान ओरडत राहायचं. मग मान एका बाजूला वळवायचा, की पुन्हा आरोळी. नाचायच्या आधीच्या त्या थांबण्यावर त्याचा जो ताबा होता, तो मला मागूनही कळला. तेव्हा अपेक्षा जास्त असली की निराशा ठरलेली आणि कमी असली की आनंद ठरलेला, असं काही गणित नाही.

सह्याद्रीवारा

ओवाळलं होतं हे मला माहीतच नव्हतं! फोटो आठवतोय पण.

कोंबडी_वडे

वाह, चाळीतला जॅक्सन! यावर वेगळा धागा काढा नव्वदीतले.

पावसाळी

मी उलटा अनुभव सांगते, म्हणजे गणित खरंच नाही हे सिद्ध होईल. मुंबईत एका परदेशी पॉप बँडच्या कार्यक्रमाला गेले होते. नाव घेत नाही, कारण बँडची चूक नव्हती. अपेक्षा अगदी बेताची होती: बहिणीबरोबर संध्याकाळ, चार गाणी, बस्स. तेवढंही मिळालं नाही. दुपारी आत घेतलं, बाहेरचं पाणी काढून घेतलं आणि आतल्या पाण्याच्या रांगेत तासभर गेला. बायकांसाठी स्वच्छतागृहं इतकी कमी की एक बाई रांगेतच चक्कर येऊन पडली. तिला धरून बाजूला बसवलं ते आम्ही प्रेक्षकांनी, संयोजकांचं कुणीही तिथे नव्हतं. आमच्या भागासमोर कॅमेऱ्याचा मचाण होता, त्यामुळे मंच अर्धा झाकलेला.

बँड उत्तम गात होता, हे मला ऐकू येत होतं. पण तहानेल्या, अवघडलेल्या माणसाला गाणं लागत नाही. कमी अपेक्षेने या सगळ्यातून काही तारलं नाही. म्हणून मला धागाकर्तीच्या भावाचं म्हणणं चूक वाटतं, आणि त्याहून जास्त चुकीचं वाटतं ते "कॉन्सर्ट आहे, एवढं चालायचंच" असं म्हणणाऱ्या लोकांचं. पैसे मोजून आलेल्या माणसाला पाणी मिळायलाच हवं.

नेरूळकर

पावसाळी, शंभर टक्के अनुमोदन. पाणी आणि स्वच्छतागृहं हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

ध्वनिवेडा

मी साउंडच्या धंद्यात आहे, मंचामागे काम करतो. म्हणून "खरंच चांगला होता का" या प्रश्नाचं आमच्या बाजूचं उत्तर देतो.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तुम्ही मंचापासून १०० मीटरवर असाल तर गायकाचा आवाज तुमच्यापर्यंत यायला जवळजवळ पाव ते तृतीयांश सेकंद लागतो. पडद्यावर मात्र ओठ लगेच हलतात. म्हणून मागच्यांना कधी कधी वाटतं की गायक ओठ हलवतोय, गात नाहीये. सगळेच आरोप असे खोटे असतात असं मी म्हणत नाही, पण बरेचसे यातून येतात.

मागच्या लोकांसाठी मैदानाच्या मध्यात मनोरे उभारून त्यावर आणखी स्पीकर टांगतात. त्यांना आम्ही डिले टॉवर म्हणतो. मंचावरून आवाज तिथवर पोचायला जितका वेळ लागतो, तितकाच उशीर त्या स्पीकरला मुद्दाम द्यावा लागतो. तो नीट दिला नाही तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि गाण्याचा चिखल होतो. संध्याकाळी हवा गार झाली की आवाजाचा वेग बदलतो, वारा सुटला की वरचे सूर उडून जातात. चांगला माणूस कार्यक्रम चालू असताना मैदानात फिरून ऐकत राहतो आणि सुधारत राहतो.

फार मागे किंवा अगदी पुढे जाण्यापेक्षा मिक्सिंग कन्सोलच्या आसपास उभे राहा. जो माणूस आवाज जुळवतोय तो तिथे बसून जुळवतोय, त्यामुळे तिथला आवाज सर्वांत खरा. पुढे रेलिंगला चिकटलेल्यांना खर्जच जास्त मिळतो. चाफेकळीताई, तुम्हाला अनोळखी गाण्याचं धृपद चौथ्या गाण्यापर्यंत तोंडात बसलं म्हणालात ना? शब्द स्वच्छ पोचल्याशिवाय ते होत नाही. तेव्हा निदान तुमच्या जागेवर आवाज चांगला होता, यात अपेक्षेचा काही संबंध नाही.

चाफेकळी

ध्वनिवेडा, तुमच्या प्रतिसादाचा कागद काढून भावाच्या दारावर चिकटवते!

थेम्सकाठी

लंडनहून. माझ्या सासूबाई दादरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना आवडेल म्हणून 'आबा व्हॉयेज'ची तिकिटं काढली. माझी स्वतःची अपेक्षा शून्य होती, कारण आबा हा स्वीडनचा पॉप बँड, आणि तिथे तो स्वतः नसतोच. ऐंशीच्या दशकात विभक्त झालेला बँड, चौघेही सत्तरीच्या पुढचे. मंचावर दिसतात त्यांच्या तरुणपणीच्या संगणकीय प्रतिमा. पूर्व लंडनमध्ये त्यासाठी सुमारे तीन हजार माणसांचं खास सभागृह बांधलंय आणि २७ मे २०२२ पासून हा खेळ चालू आहे.

पहिल्या पाच मिनिटांत मी तंत्र शोधत होतो. त्यानंतर शोधणं सुटलं. त्या चौघांनी स्वतः सेन्सर लावलेले पोशाख घालून पाच आठवडे गाणी सादर केली, त्या हालचालींवरून या प्रतिमा बनवल्यात, त्यामुळे हातवारे त्यांचेच आहेत. आणि शेजारी दहा जणांचा वाद्यवृंद खराखुरा, समोर बसून वाजवतो. एका गाण्यात त्या प्रतिमा नाहीशा होतात आणि हा वाद्यवृंद पुढे येऊन गातो. मला सर्वांत जास्त तेच भिडलं.

सासूबाईंना एकही गाणं माहीत नव्हतं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत बसल्या नाहीत.

तानपुरा

थेम्सकाठी, क्षमा करा, पण याला लाईव्ह म्हणणं मला जड जातं. प्रतिमा रोज तेच करणार. प्रेक्षक रडला काय, हसला काय, तिला फरक पडत नाही. कलाकाराला समोरचा माणूस जाणवतो, त्यावर तो बदलतो, यालाच मी मैफल म्हणतो. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात समोरून दाद आली की गायक तीच जागा पुन्हा वेगळी घेतो.

थेम्सकाठी

तुमचं म्हणणं समजतं. माझ्या मते तिथे जिवंत होता तो वाद्यवृंद आणि प्रेक्षक. या दोघांतलं देणंघेणं मी पाहिलं. मैफल नाहीच ती, पण निर्जीवही म्हणवत नाही.

मध्यलय

थोडं अवांतर, पण तानपुरांनी सवाईचा विषय काढलाच आहे. सवाई पूर्वी रात्रभर चालायचा आणि पहाटेचे राग पहाटे ऐकायला मिळायचे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. पॉपवाल्यांनाही हाच नियम. ३० एप्रिल २०२३ ला पुण्यात राजा बहादूर मिल्सच्या आवारात ए. आर. रहमान गात असताना १० वाजून गेले म्हणून पोलीस मंचावर चढले होते.

नियम योग्यच आहे, शेजारी आजारी माणसं असतात. पण त्यामुळे बाहेरच्या देशातून आलेला कलाकार इथे वेळेवर सुरू करतो, हा फायदा कुणी बोलत नाही. माझ्या आईला दहाच्या आत संपणारा कार्यक्रम म्हणजे जाण्याजोगा कार्यक्रम वाटतो.

गोंयचो_पावस

आमच्याकडे गोव्यात फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या उत्सवाच्या रात्री गावातला बँड वाजवतो तेव्हा अपेक्षा हा शब्दच नसतो. ओळखीची माणसं वाजवतात, ओळखीची माणसं नाचतात. मोठ्या स्टेडियममध्ये अनोळखी माणसांमध्ये ते घडवून आणायचं म्हणजे केवढी मेहनत! मला वाटतं चाफेकळीबाईंना तेच आवडलं असणार.

दुपारचा_चहा

माझ्याकडे बहुधा या प्रश्नाचं सर्वांत थेट उत्तर आहे, कारण मी कोल्डप्ले दोन्ही वेळा ऐकलंय: १९ नोव्हेंबर २०१६ ला मुंबईत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) आणि आता २०२५ ला नेरूळला.

२०१६ चा कार्यक्रम ग्लोबल सिटिझन महोत्सवाचा होता, एमएमआरडीएच्या मैदानावर. समाजकार्याच्या कृती करून गुण मिळवले की फुकट प्रवेशाची संधी मिळायची. नोटाबंदी होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. मैदानावर खिशात पैसे असलेला माणूस शोधावा लागत होता. भाषणं, चित्रफिती, मध्येच पंतप्रधानांचं व्हिडिओवरून भाषण, एकामागून एक कलाकार. कोल्डप्ले येईपर्यंत पायांचे तुकडे पडले होते आणि अपेक्षा उरलीच नव्हती. तरी मजा आली. ख्रिस मार्टिन रहमानबरोबर गायला तो क्षण आजही लख्ख आहे. पण खरं सांगायचं तर बाकीची गाणी मला फार आठवत नाहीत.

२०२५ ला पैसे मोजून गेलो. सर्वांत स्वस्त तिकीट २५०० पासून आणि लाउंजचं ३५,००० पर्यंत होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये विक्री सुरू झाली तेव्हा मोठमोठ्या आभासी रांगा लागल्या, पुढे काळ्या बाजाराची पोलीस चौकशीही झाली. इतक्या खटाटोपानंतर अपेक्षा प्रचंड होत्या. आणि ही दुसरी वेळ मला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त आवडली. गाणी क्रमाने आठवतात. बँड मुख्य मंच सोडून लांब, अरुंद मंचपट्टीवरून गर्दीच्या मध्यात आला, तेव्हा ड्रमवाला विल चॅम्पियन दुसऱ्या गायकाएवढाच गळ्याने किती भार उचलतो ते कळलं.

म्हणजे माझ्यापुरता हिशेब असा की अपेक्षा कमी असताना मी खूश झालो, पण अपेक्षा असताना मी नीट ऐकलं. भावाला हे सांगा.

नव्वदीतला

हा प्रतिसाद धाग्याचा तुरा आहे.

तानपुरा

दुपारचा_चहा, शेवटची ओळ फार आवडली. ख्यालाबद्दलही हेच म्हणेन.

पावसाळी

मला अजून एक निकष सुचतो. कार्यक्रमानंतर त्या बँडची गाणी तुम्ही आपणहून लावता का? संध्याकाळचा माहोल आवडला असेल तर ते महिनाभरात विरतं. संगीत आवडलं असेल तर ते घरात राहतं.

चाफेकळी

पावसाळी, हा निकष लावून बघितला. पोळ्या करताना आता मीच त्यांची गाणी लावते आणि लेक "आई, पुरे" म्हणते. त्यातली संथ, पियानोवरची गाणी मला जास्त जवळची वाटतात. त्या रात्री मोठ्या आवाजात मी ती नुसती ओलांडून गेले होते, घरी ऐकताना त्यांतले शब्द कळले. तेव्हा भावाचं "शिळी भाकरी" मी आता पूर्ण नाकारते.

सगळ्यांचे मनापासून आभार. एक व्यावहारिक प्रश्न राहिला. भावजय म्हणते, पुढच्या वेळी आईलाही नेऊ या. आई बहात्तर वर्षांची, ठणठणीत, पण गुडघे दुखतात. न्यावं का?

सांजसावली

जरूर न्या, पण कानांसाठी फोमचे बोळे बरोबर ठेवा, औषधाच्या दुकानात मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, आणि स्पीकरजवळ ती सहज ओलांडली जाते. मी स्वतः नेहमी घालते. शब्द ऐकू येतात, फक्त बोचरेपणा जातो. लहान मुलांना तर कानांवर मफ घातल्याशिवाय नेऊच नये.

ध्वनिवेडा

+१. आमच्यातले जुने लोक बोळ्यांशिवाय काम केल्यामुळे आज ऐकण्याची यंत्रं लावून फिरतात. हे गंभीरपणे घ्या.

नेरूळकर

आईंना मैदानातलं उभ्याचं तिकीट अजिबात काढू नका, स्टँडमधलं बसायचं काढा, तेही खालच्या मजल्यावरचं, नाहीतर जिने फार पडतात. लोक उभे राहिले की बसलेल्याला दिसत नाही, म्हणून रांगेच्या कडेची, जिन्यालगतची खुर्ची बघा. शेवटचं गाणं संपल्यावर लगेच उठू नका, अर्धा तास तिथेच बसून राहा. आधी पोरं पळतात, मग रस्ता मोकळा होतो. नेरूळ स्टेशनवर गर्दी लोटते, जुईनगरच्या बाजूने थोडं चालावं लागतं पण गाडीत शिरायला तिथे बरं पडतं. आणि आमच्या इमारतीत या, आईंना चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही.